घरपट्टीचें बिल आणि शहराची तूट



मुलुंडला आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर पत्रांच्या पेट्यांची एक फळी आहे. तिच्याजवळ दोन वृद्ध गृहस्थ, एक गृहिणी आणि एक नोकरदार तरुण असे चौघे उभे राहून हातांतल्या कागदाकडे पाहत बोलूं लागले, कीं समजावें, घरपट्टीचें बिल आलें. गेल्या खेपेस मीहि त्यांत सामील झालों. शेजारच्या काकूंनीं मला थेट प्रश्न घातला, "अहो, देशांतली सर्वांत श्रीमंत महानगरपालिका आपली, असें म्हणतात. बँकांत हजारों कोटींच्या ठेवी आहेत, असेंहि म्हणतात. आणि त्याच तोंडानें पैसा पुरत नाहीं, म्हणून नवी पट्टी हवी, असें सांगतात. यांतलें खरें काय?" जिन्यांत उभ्या उभ्या मीं जें उत्तर दिलें, त्यानें काकूंचें समाधान झालें नाहीं आणि खरें सांगावयाचें तर माझेंहि झालें नाहीं. म्हणून तोच प्रश्न आज आपणांपुढें सावकाश मांडावा, असें योजिलें आहे.

प्रथम 'तूट' या शब्दाचाच विचार करूं. संसारांत तूट म्हणजे काय हें सर्वांस ठाऊक आहे. पगार पंचवीस तारखेस संपतो आणि वाणी मात्र एक तारखेपर्यंत थांबत नाहीं, ती तूट. शहराची गोष्ट थोडी निराळी आहे. मुंबईचा नागरी कारभार आजहि १८८८ सालच्या कायद्यानें चालतो. त्या कायद्याप्रमाणें आयुक्तांनीं फेब्रुवारीच्या आरंभीं पुढील वर्षाच्या जमाखर्चाचा अंदाज स्थायी समितीपुढें ठेवावयाचा, कराचे दर २० मार्चच्या आंत ठरवावयाचे, आणि वर्षअखेर निदान एक लाख रुपये हातांत शिल्लक राहतील अशी तजवीज अंदाजपत्रकांत करावयाची, असा दंडक आहे. एकशेतीसपेक्षां अधिक वर्षांपूर्वीं लाख रुपये ही मोठी रक्कम होती. आज तिचें मोल उरलें नाहीं, परंतु तत्त्व उरलें आहे. शहरानें जमेपेक्षां जास्त खर्चाचा बेत करूं नये, हें तें तत्त्व.

तेव्हां कागदावर मुंबईचें मुख्य अंदाजपत्रक तुटीचें दिसतच नाहीं. २०२५-२६ या वर्षाचें अंदाजपत्रक सुमारे ७४ हजार ४२७ कोटी रुपयांचें होतें आणि त्यांत शिल्लक दाखविली होती सुमारे ६० कोटींची. हे आकडे आपल्या घराच्या मापानें मोजून पाहूं. हजार रुपयांच्या संसारांत ऐंशी पैसे शिल्लक! ही शिल्लक नव्हे, जमा आणि खर्च यांचीं टोकें ओढून ताणून जुळविल्याची ती खूण आहे. आतां ओढाताण कोठें झाली तें पाहावें. त्या वर्षाचें अपेक्षित महसुली उत्पन्न, म्हणजे कर, पट्ट्या, शुल्कें आणि अनुदानें मिळून दरवर्षीं येणारा पैसा, सुमारे ४३ हजार कोटी होता. पगार, निवृत्तिवेतन, औषधें, दुरुस्त्या असा चालू खर्च सुमारे ३१ हजार कोटी. येथवर घर नीट आहे. बारा हजार कोटी उरतात. परंतु नवे रस्ते, पूल, बोगदे आणि मलशुद्धीकरणाचे कारखाने यांसाठीं योजिलेला भांडवली खर्च होता सुमारे ४३ हजार कोटी. म्हणजे एकतीस हजार कोटींच्या आसपास रक्कम महसुलाबाहेरून उभी करावयाची: कांहीं भांडवली जमेंतून, कांहीं राखीव निधींतून, कांहीं एका खात्यांतून दुसऱ्या खात्यास दिलेल्या उसनवारींतून. काकूंच्या प्रश्नाचें पहिलें उत्तर हें. शहर गरीब नाहीं, पण त्यानें काढलेलीं कामें त्याच्या वार्षिक मिळकतीच्या पलीकडचीं आहेत.

ठेवींचेंहि तसेंच. २०२२ च्या सुमारास महानगरपालिकेच्या मुदतठेवी ९० हजार कोटींच्या वर होत्या. २०२५ च्या आरंभीं त्या ८२ हजार कोटींच्या आसपास आल्या. त्यांतलाहि बराच भाग मोकळा नसतो. कर्मचाऱ्यांचा भविष्यनिर्वाह निधि, निवृत्तिवेतनाची तरतूद, कंत्राटदारांच्या अनामत रकमा हा सारा पैसा दुसऱ्याचा. घरांत तिजोरी भरलेली दिसते, पण निम्मे दागिने शेजाऱ्यानें ठेवावयास दिलेले असावेत, तसा हा प्रकार आहे.

आतां थोडें मागें जाऊं. शहराची तूट आणि नागरिकांचा संताप ही मुंबईस नवी गोष्ट नाहीं. किंबहुना आज जी निवडून दिलेली महानगरपालिका आपण पाहतों, ती अशाच एका तुटीच्या पोटीं जन्मास आली.

१८६५ सालीं मुंबईच्या कारभारासाठीं नवा कायदा झाला. पूर्वीची तीन कमिशनरांची मंडळी गेली, एकच म्युनिसिपल कमिशनर नेमण्यांत आला, आणि वर देखरेखीस सरकारनें नेमलेले 'जस्टिस ऑफ द पीस' राहिले. पहिले कमिशनर आर्थर क्रॉफर्ड. त्या वेळचें शहर डोळ्यांपुढें आणा. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें इंग्लंडच्या गिरण्यांस तिकडचा कापूस मिळेना, म्हणून इकडच्या कापसास सोन्याचा भाव आला होता. लोक शेअरांच्या मागें वेडे झाले होते. १८६५ त युद्ध संपलें आणि तो फुगा फुटला. पेढ्या बुडाल्या, मोठमोठीं घराणीं बसलीं. अशा शहरांत उघडीं गटारें, अरुंद गल्ल्या आणि पटकीची साथ यांच्याशीं क्रॉफर्डसाहेबांनीं झुंज मांडली. रस्ते रुंद केले, गटारें साफ केलीं, १८६९ त तो प्रसिद्ध बाजार उभारला. काम झालें आणि मृत्युसंख्या उतरली, हें त्यांच्या विरोधकांनाहि नाकबूल करतां आलें नाहीं. परंतु हिशेबास धरबंध राहिला नाहीं. खर्च जमेच्या पुढें धांवला, आणि बाजार बसलेल्या शहरांतील घरमालकांच्या माथीं वाढत्या पट्ट्या आल्या.

१८७१ सालीं करदात्यांचें आंदोलन पेटलें. अर्ज झाले, सभा झाल्या, जस्टिसांच्या बैठकींत कमिशनरांच्या अधिकारावर कडाडून टीका झाली. नवरोजी फर्दुनजींसारखे पुढारी करदात्यांची बाजू घेऊन उभे राहिले. त्या गदारोळांत सव्वीस वर्षांचा एक बॅरिस्टर लोकांना न आवडणारें मत घेऊन पुढें आला. त्याचें नांव फिरोजशहा मेहता. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें, कीं दोष कर्तबगार अधिकाऱ्याच्या हातीं सत्ता दिल्याचा नाहीं. त्या अधिकाऱ्यास जाब विचारणारें, करदात्यांनीं निवडलेलें सभागृह नाहीं, हा खरा दोष आहे. काम करणारा एक असावा आणि थैलीची दोरी लोकांच्या प्रतिनिधींच्या हातीं असावी. त्या दिवशीं हें कोणास फारसें रुचलें नाहीं. परंतु १८७२ च्या कायद्यांत हेंच तत्त्व उतरलें. चौसष्ट सभासदांची कॉर्पोरेशन स्थापन झाली आणि त्यांतले बत्तीस, म्हणजे निम्मे, करदात्यांनीं निवडावयाचे ठरले. १८७३ त ती कॉर्पोरेशन बसली. रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिकांसारखे विद्वान पुढें त्या सभागृहांत बसले, आणि १८८८ च्या कायद्यावर फिरोजशहांचीच मुद्रा उमटली.

मात्र तेव्हांचा मताधिकार फार तोकडा होता हें विसरूं नये. वर्षाकाठीं पन्नास रुपये पट्टी भरणाराच मतदार. ज्या गिरणीकामगाराच्या चाळींत पटकी शिरे, त्याला मत नव्हतें. सर्व प्रौढांस मत मिळून मुंबईंत नगरसेवक निवडले जाऊं लागले ते १९४८ पासून.

याच काळांतली पुण्याची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जोतीराव फुले १८७६ नंतर कांहीं वर्षें पुणें म्युनिसिपालिटीचे सभासद होते. १८८० सालीं व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास यावयाचे होते. त्यांच्या स्वागतासाठीं शहर शृंगारण्यास हजार रुपये मंजूर करावेत, असा ठराव आला. करदात्यांचा पैसा असल्या दिखाऊ कामास खर्चूं नये, तो शिक्षणास लावावा, असें म्हणून जोतीरावांनीं विरोध केला. त्यांच्या बाजूस कोणी उभें राहिलें नाहीं. पुढें पुण्यांत मोठी मंडई बांधण्याचा बेत निघाला, तेव्हांहि त्यांनीं खर्चाबद्दल शंका काढली. आणि काळाची लीला अशी, कीं पुण्याच्या त्या मंडईस आज महात्मा फुल्यांचेंच नांव आहे, आणि ज्या क्रॉफर्डच्या उधळपट्टीवरून मुंबईंत रण माजलें, त्याच्या बाजाराचें अधिकृत नांवहि महात्मा जोतिबा फुले मंडई असेंच आहे. थैलीकडे बोट दाखविणाऱ्याचें नांव खर्चाच्या इमारतीवर कोरलें गेलें. तेथें भाजी घ्यावयास जाणाऱ्या प्रत्येकानें हें एकदां आठवावें.

आतां मुलुंडकडे येतों. बृहन्मुंबईची हद्द १९५० सालीं पश्चिमेस जोगेश्वरीपर्यंत आणि पूर्वेस भांडुपपर्यंत आली. मुलुंड तेव्हांहि बाहेरच राहिलें. १ फेब्रुवारी १९५७ पासून दहिसर आणि मुलुंड हीं गांवें मुंबईंत सामील झालीं. तानसाच्या पाण्याचे मोठे नळ मुलुंडावरूनच शहराकडे जातात. म्हणजे मुंबईच्या पाण्याची वाट मुलुंडच्या अंगणांतून कित्येक वर्षें आधीं गेली होती, आणि मुलुंड कायद्यानें मुंबईंत आलें तें मागाहून.

मुंबईचें टोक झाल्यामुळें मुलुंडास आणखी एक गोष्ट मिळाली, ती म्हणजे जकातनाका. ठाण्याच्या बाजूनें येणाऱ्या मालगाड्या येथें रांगा लावून उभ्या राहत आणि शहराच्या तिजोरींतला फार मोठा वांटा अशाच चार-पांच वेशींवर गोळा होई. जकात हा जुना, कटकटीचा, वाहतूक अडविणारा आणि लांचलुचपतीस वाट देणारा कर होता, हें खरें. परंतु त्याचा एक गुण होता. तो शहराचा स्वतःचा होता. शहरांत माल वाढला, कीं जकात वाढे आणि त्यासाठीं कोणाच्या दारीं जावें लागत नसे. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर आला आणि जकात गेली. नाक्यावरच्या रांगा संपल्या. मुलुंडकरांनीं सुटकेचा श्वास टाकला, तो योग्यच होता.

परंतु गेलेल्या उत्पन्नाच्या जागीं काय आलें? राज्य सरकारकडून नुकसानभरपाई. त्याच महिन्यांत सुमारे ६४७ कोटींचा पहिला धनादेश महानगरपालिकेस मिळाला. या भरपाईंत दरसाल आठ टक्के वाढ करावी, असें कायद्यानें ठरविलें आहे. दर शेंकडा आठ म्हणजे नऊ वर्षांत रक्कम दुप्पट होते. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकांत ही भरपाई सुमारे १४ हजार ४०० कोटी धरली होती. महसुली उत्पन्नाचा हा एक तृतीयांश. त्याच वर्षीं घरपट्टीचें अपेक्षित उत्पन्न होतें ५ हजार २०० कोटी, म्हणजे महसुलाच्या आठव्या हिश्श्याहूनहि कमी. जो मुलगा स्वतः कमावतो तो घरांत एक आवाजानें बोलतो, आणि ज्यास वडिलांकडून महिन्याची रक्कम येते तो दुसऱ्या आवाजानें बोलतो. रक्कम वेळेवर आणि पुरेशी येत असली, तरी आवाजांत फरक पडतोच. शहराच्या स्वायत्ततेचा प्रश्न येथें आहे.

आतां आपल्या हातांतल्या बिलाकडे वळूं. आपण 'घरपट्टी' असें एका शब्दानें म्हणतों, पण तें एक गाठोडें आहे. सर्वसाधारण कर, जल कर, जललाभ कर, मलनिःसारण कर, मलनिःसारण लाभ कर, महानगरपालिकेचा शिक्षण उपकर, राज्य शिक्षण उपकर, वृक्ष उपकर आणि पथकर अशीं नऊ कलमें त्यांत बांधलेलीं असतात. ज्यांच्या नळास मीटर आहे, त्यांस जल कर लागत नाहीं, कारण त्यांचें पाण्याचें बिल निराळें येतें. यांपैकीं राज्य शिक्षण उपकर महानगरपालिका फक्त गोळा करते आणि सरकारास देते. म्हणून बिलाच्या तळची बेरीज पाहून महानगरपालिकेस दोष देण्यापूर्वीं प्रत्येक ओळ वाचावी. कोणता पैसा कोठें जातो, हें ओळीओळीनें समजतें.

कर बसविण्याची रीतहि बदलली आहे. पूर्वीं घरास भाडें काय येईल त्यावरून पट्टी ठरत असे. तिला करपात्र मूल्य म्हणत. भाडेनियंत्रणामुळें जुन्या घरांचीं भाडीं गोठलीं, आणि त्यामुळें एकाच रस्त्यावर समोरासमोरच्या दोन घरांस अगदीं विषम पट्ट्या पडूं लागल्या. म्हणून १ एप्रिल २०१० पासून भांडवली मूल्याची पद्धति आली. सरकारी दरपत्रकांतील जागेचा भाव घ्यावयाचा, त्यास चटईक्षेत्रानें गुणावयाचें, मग इमारतीचा वापर, बांधणीचा प्रकार, वय आणि मजला यांप्रमाणें कमीअधिक करावयाचें, असा तिचा क्रम. तत्त्व न्याय्य दिसतें. पण एक अडचण आहे. दरपत्रकांतला भाव वाढला म्हणून राहत्या माणसाच्या खिशांत कांहीं येत नाहीं. जो निवृत्त शिक्षक आपल्या तीन खोल्यांत चाळीस वर्षें राहिला, त्याची जागा कागदावर कोटीची झाली तरी त्याचें निवृत्तिवेतन तेवढेंच राहतें. जागा विकली तरच तो कोटीचा धनी, आणि जागा विकली तर तो मुलुंडकर राहत नाहीं. या पद्धतीचे कांहीं नियम मुंबई उच्च न्यायालयानें एप्रिल २०१९ मध्यें रद्द केले आणि सर्वोच्च न्यायालयानें नोव्हेंबर २०२२ मध्यें तो निकाल कायम केला. पद्धति राहिली, पण तिच्या नियमांस कायद्याची मर्यादा आहे हें ठरलें. करदात्यानें न्यायालयांत जाऊन मिळविलेली ही गोष्ट आहे, ती लहान नव्हे.

दुसऱ्या बाजूनें, १ जानेवारी २०२२ पासून पांचशें चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घरांस घरपट्टी माफ झाली. सुमारे सोळा लाख कुटुंबांस तिचा लाभ होईल, असें तेव्हां सांगण्यांत आलें. लहान घरांस ही सवलत फार मोठी वाटली आणि ती तशी होतीहि. परंतु आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? एका वर्गास माफी दिली, कीं तो भार एक तर उरलेल्यांवर पडतो, नाहीं तर ठेवींवर पडतो, नाहीं तर एखाद्या नव्या नांवानें परत येतो.

तो परत कसा येऊं पाहतो, याचें उदाहरण २०२५ च्या एप्रिलांत दिसलें. महानगरपालिकेनें घनकचऱ्यासंबंधीं नव्या उपविधींचा मसुदा प्रसिद्ध केला आणि लोकांच्या सूचना व हरकती मागविल्या. पन्नास चौरस मीटरपर्यंतच्या घरास महिना शंभर रुपये, पन्नासपासून तीनशें मीटरपर्यंत पांचशें रुपये, आणि त्यावर हजार रुपये, असें कचरा उचलण्याचें शुल्क त्यांत सुचविलें होतें. आतां कर आणि शुल्क यांतला भेद समजून घेतला पाहिजे. कर हा सर्वांच्या हितासाठीं सर्वांनीं द्यावयाचा असतो, आणि त्याच्या मोबदल्यांत मला अमुकच मिळावें असें म्हणतां येत नाहीं. शुल्क मात्र विशिष्ट सेवेचें असतें. सेवा घ्या आणि दाम द्या. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनीं असें शुल्क घेण्यास वाव दिला होता, तेव्हां महानगरपालिकेनें तें हवेंतून काढलें असें म्हणतां येणार नाहीं. लोकांचा आक्षेप निराळा होता. कचरा उचलणें हें नगरपालिकेचें मूळ कर्तव्य आहे आणि त्यासाठीं आम्ही सर्वसाधारण कर देतों, मग त्याच कामाचे पुन्हां पैसे कां?

शिवाय हिशेब करून पाहा. ज्या घरास २०२२ त घरपट्टी माफ झाली, त्यास या मसुद्याप्रमाणें वर्षाकाठीं बाराशें रुपये द्यावे लागले असते. एका हातानें सोडलें तें दुसऱ्या हातानें मागितलें. आणि ज्याचें घर पन्नासऐवजीं एक्कावन्न मीटर, त्यास वर्षाचे सहा हजार. एका मीटरच्या फरकानें दाम पांचपट होतें, पण कचरा कांहीं पांचपट होत नाहीं. शुल्क सेवेच्या मापानें घ्यावयाचें असेल, तर तें कचऱ्याच्या मापानें घ्यावें. घराच्या मापानें घेतलें, तर तो कर झाला. मग त्यास सरळ कर म्हणावें आणि कराच्या चर्चेंतून जाऊं द्यावें.

मुलुंडकरांस या विषयांत बोलण्याचा विशेष अधिकार आहे. मुंबईचा कचरा जवळजवळ पन्नास वर्षें मुलुंडच्या कचराभूमीवर येऊन पडत होता. ती १ ऑक्टोबर २०१८ रोजीं बंद झाली, तेव्हां तेथें सुमारे सत्तर लाख टन जुना कचरा सांठला होता. तो खणून, चाळून, वेगळा करून जमीन मोकळी करण्याचें काम पुढें काढावें लागलें. ज्या काळीं तो टाकला गेला, त्या काळच्या एकाहि अंदाजपत्रकांत या साफसफाईचा खर्च दाखविलेला नव्हता. तूट तेव्हांहि होतीच. फक्त ती रुपयांत न लिहितां मुलुंडच्या हवेंत आणि खाडीकांठच्या जमिनींत लिहिली गेली. खर्च टाळला, कीं तो नाहींसा होत नाहीं, तो पुढच्या पिढीच्या नांवें मांडला जातो, हें आम्हीं नाकानें शिकलों आहोंत.

हाच न्याय मोठ्या कामांस लावून पाहावा. गोरेगांव ते मुलुंड असा सुमारे बारा किलोमीटरचा जोडरस्ता महानगरपालिकेनें हातीं घेतला आहे. त्यांत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाखालून पावणेपांच किलोमीटरचे जुळे बोगदे आहेत, आणि त्यांची पायाभरणी १३ जुलै २०२४ रोजीं झाली. असा रस्ता झाला तर पूर्व आणि पश्चिम उपनगरें जवळ येतील, यांत शंका नाहीं, आणि मुलुंडकर त्याची वाट पाहत असले तर तें साहजिक आहे. परंतु बोगदा बांधून झाला म्हणजे खर्च संपत नाहीं. दिवे, हवा खेळविण्याचीं यंत्रें, पाणी उपसणें, पहारा, डागडुजी हा खर्च बोगदा आहे तोंवर दरवर्षीं येतच राहणार. मलशुद्धीकरणाच्या नव्या कारखान्यांचें तसेंच. लग्नाचा खर्च एकदांचा असतो, संसाराचा रोजचा. अंदाजपत्रकांत लग्नाची तरतूद मोठ्या अक्षरांत असते, संसाराची शोधावी लागते.

आणि बेस्ट? ७ ऑगस्ट १९४७ रोजीं हा उपक्रम शहराच्या मालकीचा झाला. बसवाहतूक तोट्यांत चालते आणि महानगरपालिका अनुदान देते, म्हणून कित्येक जण नाक मुरडतात. परंतु बसचा तोटा आणि रस्त्याचा खर्च हीं एकाच तराजूंत घालून पाहिलीं पाहिजेत. रस्त्यानें नफा दिला कां, असें आपण कधीं विचारीत नाहीं. मोलकरीण, विद्यार्थी आणि म्हातारा माणूस यांना नेणाऱ्या बसला मात्र तो प्रश्न रोज विचारतों.

शहरें खरोखर बुडतात का, असें कोणी विचारील. बुडतात. न्यूयॉर्क १९७५ सालीं दिवाळखोरीच्या उंबरठ्यापर्यंत गेलें. अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरानें २०१३ त दिवाळें काढलें. इंग्लंडांतील बर्मिंगहॅमच्या नगरसभेनें सप्टेंबर २०२३ मध्यें खर्चाची तोंडमिळवणी होत नाहीं असें जाहीर केलें, आणि २०२४ त तेथील रहिवाशांस सुमारे दहा टक्के करवाढ आणि सेवांत काटछाट एकदम सोसावी लागली. मुंबईची स्थिति तशी मुळींच नाहीं. तिच्या गांठीं ठेवी आहेत आणि तिचा चालू खर्च चालू उत्पन्नांत भागतो. परंतु या शहरांची कथा एक गोष्ट शिकविते. तूट उघड होते त्या दिवशीं नागरिकास निवड उरत नाहीं. निवड करावयाची ती आधीं, ठेवी शाबूत असतांना.

येथें मी आजच्या भाषणाच्या मुख्य मुद्द्याशीं येतों. निवड करावयाची कोणीं? १८७१ त करदात्यांनीं जें भांडून मिळविलें, तें हें होतें कीं कर बसविणाऱ्यास आणि खर्च करणाऱ्यास आमच्या प्रतिनिधींनीं सभागृहांत जाब विचारावा. मार्च २०२२ मध्यें मुंबईच्या नगरसेवकांची मुदत संपली. त्यानंतर निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्यें. मधलीं जवळजवळ चार वर्षें आयुक्त हेच प्रशासक होते. अंदाजपत्रक तयार करणारे तेच आणि तें मंजूर करणारेहि तेच. सव्वाशें वर्षांहून जुन्या कायद्यानें जे दोन हात मुद्दाम वेगळे ठेविले होते, ते एकच झाले. त्या चार वर्षांत अंदाजपत्रकाचे आकडे भराभर वाढले. २०२३-२४ त सुमारे ५२ हजार ६०० कोटी होते, ते दोनच वर्षांत ७४ हजार कोटींच्या वर गेले. कदाचित् त्यांतला प्रत्येक रुपया योग्य असेल. मी त्यावर निकाल देत नाहीं. परंतु तो योग्य आहे कीं नाहीं, हें विचारण्यासाठीं जी खुर्ची ठेविलेली होती, ती रिकामी होती. कचरा शुल्काचा मसुदा निघाला तोहि याच काळांत, आणि म्हणूनच लोकांस आपलें म्हणणें सभागृहाऐवजीं हरकतींच्या अर्जांत लिहावें लागलें.

आतां खुर्च्या भरल्या आहेत. पण नुसत्या भरलेल्या खुर्च्यांनीं हिशेब होत नाहीं. आपण मतदारांनींहि थोडा अभ्यास केला पाहिजे. अंदाजपत्रकाचा सगळा ग्रंथ वाचण्याची जरूरी नाहीं. माझ्या मतें प्रत्येक नव्या पट्टीच्या वेळीं आणि प्रत्येक मोठ्या कामाच्या वेळीं तीन प्रश्न विचारावेत. पहिला, हा पैसा येणार कोठून: यंदाच्या मिळकतींतून, ठेवींतून, कीं उसना? दुसरा, काम पुरें झाल्यावर दरवर्षीं त्याला किती लागेल आणि तें कोणत्या उत्पन्नांतून निघेल? तिसरा, हा भार कोणावर पडतो, आणि तो त्याला झेपेल काय? हे प्रश्न फेब्रुवारींत विचारावेत. एप्रिलांत बिल आल्यावर पेट्यांच्या फळीजवळ विचारून उपयोग नाहीं, कारण तोंवर २० मार्च उलटून गेलेली असते.

आणखी एक प्रश्न आपण स्वतःस विचारला पाहिजे. कर कमी हवा, पाणी पुरेसें हवें, रस्ते गुळगुळीत हवेत, रुग्णालयांत औषध फुकट हवें, आणि शेजारच्या रस्त्याचें काम आधीं कां झालें म्हणून तक्रारहि हवी, असें सगळें एकदम मिळत नाहीं. अंथरूण पाहून पाय पसरावे, हा उपदेश महानगरपालिकेस जितका, तितकाच आपणांसहि लागू आहे. ओला आणि सुका कचरा वेगळा न करतां देणाऱ्या घरानें कचऱ्याच्या शुल्कावर बोलतांना आपली बादलीहि पाहावी.

काकूंना मीं पुढें हेंच सविस्तर सांगितलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "म्हणजे बिल भरायचेंच ना?" मीं म्हटलें, "भरावयाचें. पण भरणाऱ्यानें हिशेब मागावयाचा असतो, तो हक्क बिलाबरोबरच येतो." त्यांनीं चष्मा लावला, बिल उलगडलें आणि पहिल्या ओळीपासून वाचावयास आरंभ केला. पथकराच्या ओळीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "आणि हा कशाचा?" त्या दिवशीं आमच्या जिन्यांत पुष्कळ वेळ गेला.